स्टेंट बसला, मग पंपिंग ३८ का? टू-डी इकोचा रिपोर्ट कसा वाचायचा

यावल तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांचे तीन इको रिपोर्ट दाखवून विचारलं आहे: "वडील ५६ वर्षांचे, केळीची शेती. अडीच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. दुखायला लागल्यापासून जळगावला पोहोचेपर्यंत पाच तास गेले. पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत एक स्टेंट टाकला, नळी पूर्ण उघडली म्हणून सांगितलं. डिस्चार्जच्या वेळी पंपिंग ३५ होतं, दीड महिन्याने दुसऱ्या सेंटरला ४२ आलं आणि गेल्या आठवड्यात तालुक्याच्या शिबिरात ३८. नळी उघडली तर पंपिंग पूर्ण का झालं नाही? वाढून पुन्हा का उतरलं? स्टेंट बंद पडला का? पुन्हा अँजिओग्राफी करायची का? त्यांना बागेत जाऊ द्यायचं का, आणि केळी खाऊ द्यायची का?"

तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ४२ चे ३८ झाले, एवढ्यावरून स्टेंट बंद पडला असं म्हणता येत नाही. छातीवरून केलेल्या साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्टेंटची आतली बाजू दिसतच नाही. स्टेंट अडीच ते चार मिलिमीटर व्यासाचा, आणि तो धडधडणाऱ्या हृदयाच्या पृष्ठभागावरच्या वाहिनीत बसवलेला असतो. इकोत दिसतात त्या हृदयाच्या भिंती, झडपा, पोकळ्या आणि रक्ताचा प्रवाह. आमच्याकडे "इको करून स्प्रिंग (म्हणजे स्टेंट) चालू आहे का तेवढं पाहून द्या" म्हणत कितीतरी लोक येतात. त्यांना मी हेच सांगतो, की स्प्रिंगमागच्या भिंतीचं काय झालं ते इको सांगतो, स्प्रिंगच्या आत काय चाललंय ते नाही. स्टेंट अचानक बंद होतो तेव्हा बहुतेक वेळा तो माणसाला उभा राहू देत नाही. छातीत तीच कळ, घाम, ईसीजीत बदल, आणि इकोत भिंतीचा एखादा चालता भाग नव्याने थांबलेला. वडील घरात फिरत आहेत, छातीत दुखत नाही, दम लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. मग नुसत्या चार आकड्यांच्या फरकासाठी अँजिओग्राफीची घाई नको.

उलट बाजूही लक्षात असू द्या. विश्रांतीत केलेला इको नॉर्मल आला म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत, असंही नाही. माणूस स्वस्थ पडून असतो तेव्हा रक्तवाहिनी ८५-९० टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत स्नायूला पुरेसं रक्त मिळत राहतं आणि भिंत व्यवस्थित हलते. चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना मागणी वाढली की कमी पडायला लागतं. म्हणून स्टेंटनंतर चालताना छाती भरून येत असेल, तर "इको चांगला आहे" म्हणून गप्प बसायचं नाही. तिथे स्ट्रेस टेस्ट किंवा स्ट्रेस इको, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी, लागते.

आता पंपिंग म्हणजे काय ते पाहू. रिपोर्टमध्ये त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं गेलं, तो हा आकडा. तो १०० कधीच नसतो, कुणाचाच नसतो. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हे नॉर्मल धरतात. म्हणजे ४२ चा अर्थ "हार्ट ४२ टक्केच चालू आहे, ५८ टक्के गेलं" असा होत नाही. हा गैरसमज मी रोज ओपीडीत ऐकतो. त्या धसक्याने घरचे लोक पेशंटला खाटेवरून उतरू देत नाहीत आणि हिंडता-फिरता माणूस आजारी होऊन बसतो.

तुमच्या पहिल्या दोन रिपोर्टांत पंपिंगच्या शेजारी आणखी दोन आकडे आहेत, आणि मला ते पंपिंगपेक्षा जास्त बोलके वाटतात. पहिल्या इकोत कप्पा भरल्यावर १४८ मिलिलिटर आणि आकुंचनानंतर ९६. म्हणजे एका ठोक्याला ५२ बाहेर पडले, ते झाले ३५ टक्के. दीड महिन्याने भरल्यावर १४० आणि आकुंचनानंतर ८१, म्हणजे ५९ बाहेर, ४२ टक्के. आकुंचनानंतर आत उरणारं रक्त ९६ वरून ८१ वर आलं. कप्पा फुगत चाललेला नाही, उलट थोडा आवळलाय. मोठ्या अटॅकनंतर आम्हाला खरी भीती असते ती कप्पा हळूहळू पसरण्याची. पसरलेल्या कप्प्यात १८० मिलिलिटर भरून ७२ बाहेर पडले तर पंपिंग ४० येतं. १२० भरून ७२ पडले तर ६०. दोघांच्या अंगात तेवढंच रक्त पोहोचतंय, म्हणून पहिल्यालाही आज काही त्रास जाणवत नाही. पण त्या पसरलेल्या भिंतीवर ताण जास्त आहे आणि वर्ष-दोन वर्षांत तोच अडचणीत येऊ शकतो. तेव्हा पंपिंगच्या बरोबरीने हे दोन आकडे मागत चला.

शिबिराच्या रिपोर्टमध्ये ते नाहीत. तिथे लिहिलंय "अंदाजे ३८", आणि त्याच कागदावर नाडी १०४. हा नजरेने दिलेला अंदाज आहे. अनुभवी डोळ्याचा अंदाज वाईट नसतो, मी स्वतः आयसीयूत तसाच करतो. पण एका ठिकाणी मोजलेला आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी नजरेने दिलेला आकडा शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. एकाच माणसाचा एकाच दिवशी दोन चांगल्या हातांनी इको केला, तरी पंपिंगमध्ये ५ ते १० टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यात नाडी, ब्लड प्रेशर, अंगातलं पाणी यांनीही आकडा हलतो. प्रेशर १७० असताना हृदय वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत असतं आणि पंपिंग कमी दिसतं. नाडी अनियमित असेल तर एका ठोक्यावर मोजून भागत नाही, पाचेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. शिबिरांबद्दल मला आदर आहे. कधीच इको न झालेल्या माणसाची खराब झडप किंवा फुगलेलं हृदय तिथे सापडतं, आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या लोकांना कित्येकदा तेवढीच संधी मिळते. पण दोन रिपोर्टांतला चार टक्क्यांचा फरक ठरवणं हे त्या गर्दीतलं काम नाही.

हा आकडा कसा निघतो ते थोडं जवळून सांगतो, म्हणजे रिपोर्ट पाहताना अंदाज येईल. पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो, डावा हात डोक्याखाली, अंगाला ईसीजीच्या तीन तारा. जेल लावलेला प्रोब छातीच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला, जिथे ठोका हाताला लागतो तिथे, दोन बरगड्यांच्या फटीत टेकवतो. श्वास सोडायला लावून थांबवतो, कारण फुप्फुस मध्ये आलं की चित्र पुसट होतं. मग चार कप्पे दिसतील असं एक चित्र, प्रोब फिरवून दोन कप्प्यांचं दुसरं. दोन्हींत डाव्या कप्प्याची आतली कड रक्त भरलेलं असताना एकदा आणि आकुंचन पूर्ण झाल्यावर एकदा रेखायची. त्या चार रेषांवरून मशीन आकारमान काढतं. या पद्धतीला बायप्लेन सिम्पसन म्हणतात. रिपोर्टवर हे शब्द असतील तर आकडा मोजलेला आहे असं समजा.

यात एक मोठा खड्डा आहे, आणि तो नेमका तुमच्या वडिलांसारख्या पेशंटमध्येच लागतो. प्रोब हृदयाच्या टोकावर न बसता थोडा वर बसला की हृदय तिरकं कापलं जातं. स्क्रीनवर कप्पा आखूड आणि गोलसर दिसतो आणि हृदयाचं खरं टोक चित्राबाहेरच राहतं. पुढची मोठी वाहिनी, जिला आम्ही एलएडी म्हणतो, ती समोरची भिंत, दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग आणि हे टोक पोसते. तिथला अटॅक असेल तर सगळ्यात जास्त मार टोकालाच बसलेला असतो. टोक चित्रातून निसटलं की उरलेल्या चांगल्या भिंती तेवढ्या दिसतात आणि पंपिंग आहे त्यापेक्षा छान येतं. म्हणून एलएडीच्या पेशंटच्या इकोत मी पहिली दोन मिनिटं फक्त टोक नीट पकडण्यात घालवतो. बिडी-तंबाखूने छाती फुगलेल्या माणसात तरीही कड दिसत नाही. तिथे शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट देऊन पोकळी उजळता येते, आणि ते शक्य नसेल तर "चित्र पुसट, टोक नीट दिसलं नाही" असं रिपोर्टवर लिहिणं हे प्रामाणिकपणाचं असतं. असं वाक्य दिसलं तर डॉक्टरांनी काम टाळलं असं समजू नका.

आता मुख्य गोष्ट. नळी उघडली, तरी स्नायू का उठला नाही?

मे महिन्यात केळीच्या बागेचं ठिबक आठवडाभर बंद पडलं आणि मग दुरुस्त केलं, तर काय होतं ते तुमच्या घरात मी सांगायला नको. काही झाडं नुसती माना टाकलेली असतात, ती पाण्याने उठतात. काही वाळून गेलेली असतात, त्यांना कितीही पाणी द्या. हृदयाच्या स्नायूचं तसंच आहे. नळी पूर्ण बंद झाल्यावर २०-३० मिनिटांत आतल्या थरापासून स्नायू मरायला सुरुवात होते आणि मरण बाहेरच्या थराकडे सरकत जातं. सहा तासांपर्यंत त्या भागातलं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. तुमचे वडील पाच तासांनी पोहोचले. त्या पाच तासांतले किती "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिण्यात गेले ते तुम्हाला ठाऊक. दोष देण्यासाठी नाही लिहीत. खानदेशात हे घराघरांत होतं, आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ एवढं दिसलं की अर्ध्या तासात ईसीजी निघाला पाहिजे हे शेजारीपाजारी तुम्ही सांगू शकता. मोठं हॉस्पिटल लांब असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी मिळणं आणि मग पुढे जाणं, यातही पुष्कळ स्नायू वाचतो.

वेळेत नळी उघडूनही जिवंत स्नायू काही काळ हलत नाही. त्याला स्टनिंग म्हणतात, म्हणजे स्नायू बधिर झालेला. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या हृदयतज्ज्ञांनी ही कल्पना नीट मांडली. रक्त परत मिळालेलं असतं, पेशी जिवंत असतात, पण आकुंचनाची यंत्रणा भानावर यायला दिवस-आठवडे लागतात. म्हणून अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी केलेला इको हा अंतिम निकाल नसतो. दुसरा प्रकार हायबरनेशनचा. महिनोन् महिने रक्त कमी मिळत असल्याने स्नायूने आपलं कामच कमी करून घेतलेलं असतं. नळी उघडल्यावर तो उठला तर सावकाश, काही महिन्यांनी उठतो. तिसरा म्हणजे मेलेला स्नायू, त्याचा व्रण होतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

इकोवर हे तीन कसे ओळखायचे? इथे पंपिंगचा आकडा बाजूला ठेवून भिंती पाहाव्या लागतात. डाव्या कप्प्याच्या भिंतीचे आम्ही १६ भाग पाडतो आणि प्रत्येकाला गुण देतो: नीट हलतो त्याला १, कमी हलतो त्याला २, अजिबात हलत नाही त्याला ३, आणि आकुंचनाच्या वेळी उलट बाहेर फुगतो त्याला ४. यात पाहायचं ते नुसतं हलणं नव्हे. मेलेला भाग शेजारच्या जिवंत भागाने ओढला जाऊनही हलल्यासारखा दिसतो. आकुंचनाच्या वेळी भिंत जाड होते का, ते पाहायचं. जिवंत स्नायू जाड होतो, व्रण होत नाही. भिंतीची मूळ जाडीही सांगून जाते. कप्पा भरलेला असताना ती ६ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल आणि चकाकत असेल, तर तिथे बहुधा व्रणच आहे.

या नजरेने तुमचे रिपोर्ट पुन्हा उघडा. पहिल्यात लिहिलंय: टोक अकायनेटिक (अजिबात न हलणारं), समोरच्या भिंतीचा मधला भाग अकायनेटिक, पडद्याचा मधला भाग हायपोकायनेटिक (कमी हलणारा). दुसऱ्यात: टोक अकायनेटिक, समोरच्या भिंतीचा मधला भाग हायपोकायनेटिक, पडदा नॉर्मल, भिंतीची जाडी ८ मिलिमीटर. थांबलेला भाग थोडा हलायला लागला, कमी हलणारा नीट हलायला लागला आणि भिंत पातळ झालेली नाही. बधिर झालेला स्नायू जागा होतोय याची ही खूण. तिसऱ्या रिपोर्टमध्ये फक्त "एलएडीच्या भागात हालचाल कमी" एवढंच आहे, त्यातून पुढे काही निघत नाही. माझ्या हिशोबाने तुमचे वडील सुधारत आहेत. टोकाचं काय होईल ते अजून ठरायचंय. तिथे कायमचा व्रण राहिला, तर पंपिंग ५५ ला कधी पोहोचणार नाही, आणि ४५ वर स्थिरावलेला माणूस औषधं नीट घेऊन वर्षानुवर्षं आपली कामं करतो.

शंका राहिलीच तर डोब्युटामिन स्ट्रेस इको असतो. शिरेतून डोब्युटामिन हे हृदयाला जोर देणारं औषध थोड्या प्रमाणात सुरू करतात, दर मिनिटाला वजनाच्या दर किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपासून, मग १०, मग २०. थांबलेली भिंत एवढ्याशा औषधावर जाड व्हायला लागली, तर स्नायू जिवंत आहे. आधी सुधारून जास्त मात्रेवर पुन्हा बिघडली, तर जिवंत आहे पण रक्त कमी पडतंय, म्हणजे त्या नळीकडे पुन्हा पाहायला हवं. काहीच बदल झाला नाही तर व्रण. तुमच्या वडिलांना आज याची गरज दिसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ लोक "पंपिंग वाढवायला आणखी एक स्टेंट टाकू का?" असं विचारतात. अटॅक सुरू असताना टाकलेला स्टेंट स्नायू आणि जीव वाचवतो, त्यात दुमत नाही. पण जुन्या आजाराने पंपिंग ३५ च्या खाली गेलेल्या, स्थिर पेशंटमध्ये स्टेंट टाकून आयुष्य किंवा पंपिंग वाढतं का, हे ब्रिटनमधल्या ७०० पेशंटांच्या रिव्हाइव्ड या अभ्यासात तपासलं. २०२२ मध्ये निकाल आला. उत्तम औषधं घेणाऱ्यांपेक्षा उत्तम औषधं आणि स्टेंट घेणाऱ्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची भरती कमी झाली नाही, पंपिंगमध्येही फरक पडला नाही. छातीत दुखणं थांबवायला स्टेंटचा उपयोग आहेच. नुसता इकोतला आकडा वाढावा म्हणून तो टाकत नाहीत.

तुमच्या दुसऱ्या रिपोर्टवर "जीएलएस उणे १२" असंही आहे आणि त्या उणे चिन्हाने तुम्ही घाबरलात. चित्रातल्या बारीक ठिपक्यांचा माग काढून स्नायू लांबीच्या दिशेने किती टक्के आखडतो ते मशीन मोजतं. आखडणं म्हणजे लांबी कमी होणं, म्हणून उणे. नॉर्मल साधारण उणे २० च्या आसपास. म्हणजे उणे १२ कमी आहे, पण ४२ पंपिंगला ते शोभणारंच आहे. याचा खरा फायदा पंपिंग ५५ असलेल्या पेशंटमध्ये, जिथे आकडा नॉर्मल असूनही आतल्या थराला बसलेला मार यात उघडा पडतो. पुढच्या वेळी हे मोजायचं असेल तर शक्यतो त्याच मशीनवर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत.

पंपिंगच्या नादात इकोतल्या इतर गोष्टी राहून जातात, आणि त्यातली एक जिवावरची आहे. टोक हलत नसेल तर तिथे रक्त साचतं आणि गुठळी होते. बहुतेक गुठळ्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून एलएडीच्या मोठ्या अटॅकनंतर "टोकाशी गुठळी नाही" हे वाक्य रिपोर्टवर असलंच पाहिजे. तुमच्या पहिल्या दोन्ही रिपोर्टांवर ते आहे, त्यामुळे माझी एक काळजी मिटली. गुठळी सापडली तर रक्त पातळ करणारं वेगळं औषध साधारण तीन महिने द्यावं लागतं आणि पुन्हा इको करून ती गेली का ते पाहतात. डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेची गळती किती, उजवा कप्पा कसा, हृदयाभोवती पाणी आहे का, हेही पाहतात. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये उजव्या कप्प्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आणि पंपिंग ५५ असूनही दम लागत असेल, तर हृदय सैल पडून भरून घेण्यात अडचण आहे का ते रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरने कळतं. रिपोर्टमध्ये ई बाय ई-प्राइम नावाचा आकडा असतो, तो १४ च्या वर गेला तर आतला दाब वाढलेला असण्याची शक्यता असते.

इको किती वेळा करायचा? साध्या छातीदुखीसाठी, अटॅक न येता स्टेंट टाकला आणि पंपिंग आधीपासून नॉर्मल असेल, तर त्रास नसताना दर महिन्याला इको करण्यात पैसे आणि मनःशांती दोन्ही जातात. अटॅकनंतर मात्र एक डिस्चार्जपूर्वी आणि, पंपिंग ४० किंवा कमी असेल तर, दुसरा ६ ते १२ आठवड्यांनी. मध्येच दम, पायाला सूज, धडधड असेल तर वेळापत्रक न पाहता लगेच.

१२ आठवड्यांच्या या इकोला आणखी एक महत्त्व आहे. उत्तम औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा त्याखालीच राहिलं, तर जीवघेण्या ठोक्यांपासून वाचवणारं आयसीडी नावाचं यंत्र बसवायचं का, हा विचार करावा लागतो. तो निर्णय अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंटनंतर ३ महिने थांबून घ्यायचा असतो, कारण तेवढ्यात बधिर स्नायू जागा होऊन पुष्कळांचा आकडा ३५ च्या वर निघून जातो. तुमच्या वडिलांचा गेलेलाच आहे. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर कुणी "पुढे मशीन लागू शकतं" असं लिहिलं असेल, तर तो विषय आज मनातून काढा.

पंपिंग वाढवण्याचं काम आता औषधांकडे आहे. तुमच्या चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, एप्लेरेनोन आणि डापाग्लिफ्लोझिन आहेत. डापाग्लिफ्लोझिन बघून "अण्णांना शुगर नाही, मग ही गोळी का?" असं तुम्ही विचारलंत. ती शुगर नसलेल्यांनाही कमजोर हृदयासाठी देतात. पहिल्या तीन गोळ्यांची मात्रा प्रेशर, नाडी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम पाहत हळूहळू वाढवायची असते. सुरुवातीच्या मात्रेवरच वर्षभर राहिलेले पेशंट मी फार पाहतो. पुढच्या भेटीत "मात्रा वाढवायची का?" हा प्रश्न तुम्हीच काढा. स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, अॅस्पिरिन आणि टिकाग्रेलोर, या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि इको छान आला म्हणून औषधं सोडू नका. तो छान आला त्यात औषधांचा मोठा वाटा असतो.

केळीचा प्रश्न रावेर-यावलकडचा प्रत्येक पेशंट विचारतो आणि तो योग्यच आहे. एप्लेरेनोन आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टन दोन्ही पोटॅशियम वाढवतात, केळीतही पोटॅशियम भरपूर. किडनी चांगली असेल आणि तपासणीत पोटॅशियम ५ च्या आत असेल, तर दिवसाला एक केळ खायला हरकत नाही. घरची बाग म्हणून येता-जाता चार-पाच खाण्याची सवय मात्र मोडा. केळीपेक्षा मला भीती वाटते ती दुकानातल्या "कमी सोडियमच्या" मिठाची. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि लोक हृदयाला चांगलं म्हणून तेच आणतात. या गोळ्यांबरोबर ते नको. साधंच मीठ, पण कमी. पापड, लोणचं, शेवभाजीवरची शेव यांतून जाणारं मीठ कमी केलंत तरी पुष्कळ फरक पडेल.

आपल्याकडचा उन्हाळाही या हिशोबात धरा. भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो तेव्हा अंगातलं पाणी कमी होतं, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि प्रेशर उतरवणाऱ्या गोळ्या. मे महिन्यात चक्कर येऊन पडलेले असे पेशंट येतात. इकोत कप्पा रिकामा दिसतो, हृदयाकडे रक्त आणणारी खालची मोठी शीर चपटी झालेली असते, आणि घरच्यांना वाटतं हृदय बिघडलं. उभं राहताना अंधारी आली, उलट्या-जुलाब झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लघवीची गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं ते विचारा. बागेत जायचं ते सकाळी लवकर. चालणं, ठिबक पाहणं, मजुरांना काम सांगणं आजपासून चालेल. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढीच मर्यादा. केळीचा घड २०-२५ किलोचा, तो श्वास रोखून खांद्यावर घेतला की प्रेशर एकदम चढतं. ते पुढचा इको आणि गरज पडल्यास ट्रेडमिल होईपर्यंत नको.

पुढचा इको दोन-तीन आठवड्यांनी, तीन महिने पूर्ण झाल्यावर, ४२ चा रिपोर्ट जिथे झाला त्याच सेंटरला करा. जाताना जुने रिपोर्ट बरोबर न्या आणि "जुन्या चित्रांशी ताडून पाहा" असं सांगा. नाडी ६० ते ८० असताना, गोळ्या घेऊन, पोहोचल्यावर दहा मिनिटं बसून मग आत जा. रिपोर्टवर प्रेशर आणि नाडी, दोन्ही आकारमानं, १६ भागांची हालचाल, टोकाची गुठळी आणि मायट्रलची गळती एवढं आहे का ते तिथेच पाहून घ्या. इकोचे ते काळे गुळगुळीत फोटो पत्र्याच्या घरातल्या उन्हाळ्यात काळवंडतात किंवा पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढा आणि चलचित्रं पेन ड्राइव्हवर मागून घ्या. आकुंचनानंतरचं आकारमान ८१ च्या आसपास किंवा खाली असेल, तर पंपिंग ४० येवो की ४५, आहे तीच औषधं मात्रा वाढवत सुरू ठेवायची. ते ९५-१०० कडे चाललं असेल किंवा आधी नीट हलणारी एखादी भिंत थांबलेली दिसली, तर अँजिओग्राफीचा विषय त्या दिवशी काढायचा.